सूर्यास्ताच्या आत मुक्कामी
लहान मुलांना घेऊन लग्नाच्या प्रवासाला निघताना

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, साधु-साध्वींचा विहार सुरू होतो आणि आमच्या मुकुंदवाडीतील दुकानांच्या गल्ल्याजवळ लग्नपत्रिकांची चवड साचू लागते. एक पत्रिका जळगावची, दोन सोलापूरच्या, एखादी इंदूरची. आणि गेल्या काही वर्षांत सर्वांत अधिक नागपूरच्या. पूर्वी नागपूरच्या लग्नाला घरातील एखादा कर्ता पुरुष रात्रीच्या गाडीने जाऊन हजेरी लावून येई. आता सगळा परिवार जातो. आजी-आजोबा, दोन्ही भाऊ, जावा आणि मागच्या आसनावर कोंबलेली, दीड वर्षापासून दहा वर्षांपर्यंतची लेकरे. समृद्धी महामार्गाने हे शक्य केले, ही आनंदाची गोष्ट आहे.

प्रवास ठरतो कसा, हे मात्र पाहण्यासारखे आहे. पत्रिकेवरील मुहूर्त पाहिला जातो. त्यातून उलट मोजणी करून निघण्याची वेळ काढली जाते. मग दुकान आठवते. लग्नसराईचे दिवस, ग्राहकी जोरात; दिवस बुडवणे कोणाच्याही जिवावर येते. म्हणून ठरते ते असे : रात्री नऊला दुकान वाढवायचे, दहाला जेवणखाण आवरून गाडीत बसायचे, मुले झोपेत असतील म्हणजे त्रास नाही, पहाटे तीन-चारला नागपूर. ऐकायला सोयीचे वाटते. या हिशेबात मुहूर्ताची सोय पाहिलेली असते, दुकानाची पाहिलेली असते, वडीलधाऱ्यांच्या कंबरेचीही थोडी पाहिलेली असते. ज्या जिवांना स्वतःचा पट्टा लावता येत नाही आणि भीती वाटली तरी सांगता येत नाही, त्यांची सोय ‘झोपतील’ या एका शब्दात संपते.

हा लेख त्या एका शब्दाविषयी आहे.

समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. नागपूरजवळील शिवमडका येथून निघून तो दहा जिल्ह्यांतून जातो आणि भिवंडीजवळच्या आमणे येथे संपतो. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. आम्हा मुकुंदवाडीकरांना हर्सूलमार्गे सावंगीला जाऊन त्यावर चढता येते किंवा जालना रोडने सरळ जालन्यापर्यंत जाऊन तिथून. तिथून नागपूर म्हणजे एकूण सुमारे साडेचारशे किलोमीटर. मोटारींना वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर.

जुन्या रस्त्याने, म्हणजे जालना, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर, मालेगाव, कारंजा असे जाताना दहा-बारा तास सहज जात. खड्डे होते, समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे होते, उसाच्या बैलगाड्या होत्या. परंतु त्या रस्त्यात एक गुण होता, जो तेव्हा आम्हाला दोष वाटे : तो थांबवीत असे. गाव आले की वेग कमी होई. फाटक लागे, बाजार लागे, चहाची टपरी दिसे. मुले उतरत, बकरी पाहत, हातपाय मोकळे करीत. नव्या रस्त्यावर यातले काही नाही. दोन्ही बाजूंना कुंपण, पुढे पांढरा सिमेंटचा पट्टा, वळण जवळजवळ नाहीच. चालवणाऱ्याचे डोळे उघडे राहतात आणि मन झोपते. यालाच वृत्तपत्रांतून ‘महामार्ग संमोहन’ म्हटले गेले. जुना रस्ता माणसाला थांबायला लावीत होता. नव्या रस्त्यावर थांबणे आपण स्वतः ठरवावे लागते. आणि व्यापारी माणूस, रस्ता मोकळा दिसला की, थांबत नाही.

दोन तारखांचा उल्लेख येथे करावा लागतो. पहिली १ जुलै २०२३. बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. वेळ मध्यरात्रीनंतर दीडच्या आसपास. दुसरी त्याच वर्षीची १५ ऑक्टोबर. आपल्याच जिल्ह्यात वैजापूरजवळ, जांबरगाव टोल नाक्याच्या परिसरात, देवदर्शनाहून नाशिककडे परतणारी मिनीबस कंटेनरला मागून धडकली. त्यात बारा जण गेले आणि वीसहून अधिक जखमी झाले. त्या गाडीत कुटुंबे होती, मुले होती. वेळ पुन्हा मध्यरात्रीनंतरची, साडेबाराच्या सुमाराची. कारणांची चौकशी करणारे करतात. टायर, चालक, थांबलेले वाहन, प्रत्येक वेळी काही निराळे निघते. घड्याळाचा काटा मात्र दोन्ही वेळी एकाच बाजूला होता, एवढे आपल्यासारख्या हिशेबी लोकांच्या लक्षात यायला हरकत नाही.

माणसाचे शरीर रात्री झोपण्यासाठी घडलेले आहे आणि मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत ते ती मागणी जोराने करते. दिवसभर गल्ल्यावर बसलेला, ग्राहकांशी बोलून बोलून थकलेला माणूस रात्री दहाला चाकावर बसतो, तेव्हा तो ताजा नसतो. ‘मला सवय आहे’ हे त्याचे वाक्य खरे असते. पण सवय ही झोप नव्हे. पगारी चालक नेला तर तोही दिवसभर आपल्याच गोदामात माल उतरवीत असतो, हे आपण विसरतो.

आता आपल्या परंपरेकडे पाहू. सूर्यास्तानंतर भोजन करू नये हा नियम आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. कोणी चौविहार करतो, कोणी तिविहार, कोणी निदान पर्वतिथीला. प्रवास निघाला की तो नियम अडचणीचा वाटू लागतो. गाडीत जेवायचे कधी, सूर्य मावळला तर काय, असे प्रश्न निघतात आणि शेवटी ‘प्रवासात चालते’ असे म्हणून तो बाजूला ठेवला जातो. मला नेमके उलट वाटते. लहान मुलांच्या प्रवासासाठी याहून सोपे वेळापत्रक दुसरे नाही. ज्याला सूर्यास्तापूर्वी ताटावर बसायचे आहे, त्याला सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचावेच लागते. ज्याला मुक्कामी पोहोचायचे आहे, त्याला सकाळी निघावेच लागते. आणि जो सकाळी निघतो, त्याची लेकरे अंधारात महामार्गावर नसतात. आपले साधु-साध्वी उजाडल्याशिवाय विहाराला निघत नाहीत आणि चालताना समोरची चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात, ईर्यासमिती तीच. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. चार हातांचा नियम या वेगाला लावला, तर किती दूरवरचे स्वच्छ दिसायला हवे, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे. हेडलाइटच्या उजेडात तेवढे दिसत नाही.

यात एक बारकावा आहे, जो नागपूरला जाणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आपल्या शहरापेक्षा नागपूर पूर्वेला जवळजवळ चार रेखांश आहे. एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने तेथे सूर्य सुमारे पंधरा मिनिटे आधी मावळतो. डिसेंबरच्या आरंभी आपल्याकडे पावणेसहाला मावळणारा सूर्य नागपुरात साडेपाचच्या सुमारास जातो. म्हणजे घरच्या कॅलेंडरवरील वेळ पाहून चौविहार करणाऱ्या आजींचे ताट तेथे उशिरा वाढले जाईल. सकाळी नवकारशीची वेळ उलट लवकर येईल. मुंबईच्या लग्नाला जाताना हाच हिशेब दुसऱ्या दिशेने होतो. तेथे सूर्य आपल्यानंतर दहा मिनिटांनी मावळतो. वडीलधारी माणसे बरोबर असतील तर हे आधीच सांगून ठेवावे.

याप्रमाणे डिसेंबरातील एक दिवस मांडून पाहू. सात वाजण्याच्या सुमारास सूर्योदय, नंतर नवकारशी, मुलांना गरम दूध आणि आठच्या आत गाडी घराबाहेर. चालण्याचा वेळ धरा साडेचार ते पाच तास. मर्यादा १२० ची असली तरी मुले गाडीत असताना १०० पुरते. दर दोन तासांनी अर्धा तास थांबा. नागपूर शहरात शिरण्यासाठी एक तास वेगळा. तरीही साडेतीन-चारपर्यंत आपण पोहोचतो आणि सूर्यास्ताला दीड तास हातात राहतो. तो दीड तास वाया गेला असे समजू नये. एखादे मूल ओकले, टायर बदलावा लागला, थांब्यावर रांग लागली, तर तो तेथे खर्च होतो. न झाला तर मुले मंगल कार्यालयाच्या अंगणात धावतात आणि रात्री लवकर झोपतात. यासाठी दुकानाचा एक दिवस जातो, हे खरे. तो जाऊ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळेचा प्रश्न सुटला की जागेचा येतो, आणि तो अधिक कठीण आहे. कारण येथे मायेशी गाठ पडते. लहान मूल म्हटले की ते आईच्या किंवा आजीच्या मांडीवर, हे आपल्याकडे इतके गृहीत आहे की, त्याला वेगळे आसन म्हटले की वडीलधाऱ्यांना वाईट वाटते. ‘माझ्या हातातून ते कुठे जाणार आहे?’ असे त्या विचारतात. यावर वाद घालू नये, हिशेब मांडावा. दहा किलो वजनाचे, म्हणजे साधारण वर्षाचे मूल. गाडीचा वेग अवघा ताशी ५० किलोमीटर. गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्या मुलाला धरून ठेवण्यासाठी जवळजवळ १४० किलोचा भार पेलण्याइतके बळ लागेल. पन्नास किलोचे धान्याचे तीन कट्टे अचानक अंगावर फेकले तर कोणती आजी ते झेलील? आणखी एका रीतीने सांगायचे तर ५० च्या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटरवरून, तीन मजल्यांच्या उंचीवरून पडणे. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते. १०० च्या वेगाला ती बारा मजल्यांच्या पुढे जाते. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीला कठडा नसेल, तर नातवाला तेथे कडेवर घेऊन कोणी उभे राहत नाही.

आपण काचेच्या बरण्या ट्रान्सपोर्टला देतो तेव्हा पेंढा घालतो, खोके बांधतो, वर ‘नाजूक’ असे लिहितो, बिल्टी जपून ठेवतो, विमाही उतरवतो. त्याच हाताने आपण मुलाला दोन आसनांच्या मधल्या फटीत उभे करतो, समोरचे दिसावे म्हणून.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ब प्रमाणे चौदा वर्षांखालील मूल सीटबेल्टने किंवा मुलांसाठीच्या सुरक्षा-आसनाने बांधलेले नसेल, तर वाहन चालवणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. दंड क्षुल्लक आहे; तो चुकवता येतो म्हणून आनंदी होण्यासारखेही त्यात काही नाही. मागच्या आसनावर पट्टा कशाला, असा प्रश्न अजूनही विचारला जातो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला झालेला अपघात आठवावा. गाडी महागडी आणि मजबूत होती, आणि मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. त्या दोघांचा मृत्यू झाला. पुढे बसलेले दोघे वाचले.

तेव्हा चाइल्ड सीट. आपल्या घरांत लग्नाच्या एका साडीवर जेवढा खर्च होतो, त्याहून कमीत चांगले आसन मिळते, आणि एका मुलानंतर ते धाकट्या जावेच्या मुलाला होते. घेताना त्यावर युरोपीय मानकाची नारिंगी चिठ्ठी आहे की नाही ते पाहावे. नुसती मऊ गादी आणि दोन पट्टे म्हणजे चाइल्ड सीट नव्हे. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे, लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढे असते आणि मान कोवळी. म्हणून त्याचे आसन गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसवतात. किमान सव्वा वर्षापर्यंत, आणि आसनात मावत असेल तर त्यापुढेही, ही दिशा बदलू नये. असे उलटे आसन पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. फुगणारी पिशवीच बाळाच्या डोक्यावर आदळते. त्याहून मोठ्या मुलाला पुढे तोंड केलेले आसन, नंतर बूस्टर. गाडीचा साधा पट्टा मुलाच्या मानेवरून न जाता खांद्यावरून आणि पोटावरून न जाता कमरेच्या हाडावरून जाऊ लागला, म्हणजे साधारण १४५ सेंटीमीटर उंची झाली, की बूस्टर सुटते. काखेतून पट्टा घेणे, एका पट्ट्यात दोन भावंडे बांधणे, आईने स्वतःसह मुलाला एका पट्ट्यात घेणे, हे तिन्ही प्रकार घातक आहेत.

येथे खरी अडचण सांगितली पाहिजे. पाच आसनांच्या गाडीत दोन चाइल्ड सीट बसवल्या की मागे फक्त मधली अरुंद जागा उरते. म्हणजे आजी-आजोबा, आई-वडील आणि दोन मुले एका गाडीत जात नाहीत. सात आसनांच्या गाडीतही अकरा जण जात नाहीत. मग कोणी तरी दुसऱ्या गाडीने जावे लागते किंवा रेल्वेने. घरात यावरून रुसवेफुगवे होतात. ‘नातवाच्या गाडीत मला जागा नाही का?’ असेही ऐकावे लागते. त्यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. एवढेच सुचवावेसे वाटते की, हे निघण्याच्या सकाळी अंगणात ठरवू नये. आठ दिवस आधी, जेवणानंतर सगळे बसलेले असताना ठरवावे आणि कर्त्या पुरुषाने सांगावे. सुनेच्या तोंडून ते वदवू नये.

सामानाचेही तसेच. मायऱ्याचे ताट, मिठाईचे डबे, पाण्याचा पितळी तांब्या, सुक्या मेव्याचे खोके हे सगळे मागच्या काचेखालच्या फळीवर रचलेले दिसते. गाडी अचानक थांबली की ते पुढे येते आणि पुढे मुलांची डोकी असतात. जड ते डिकीत खाली, आसनाच्या पाठीला टेकून. फळीवर उशीसुद्धा नको.

टायरविषयी थोडेसेच. सिमेंटचा रस्ता, सलग वेग आणि मार्चनंतरचे ऊन यांत झिजलेला किंवा जुना टायर फुटतो. महामार्ग सुरू झाल्यावर परिवहन विभागाने गाड्यांचे टायर तपासण्याची मोहीम याच कारणाने काढली होती. टायरच्या बाजूला चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १४२१ म्हणजे २०२१ सालचा चौदावा आठवडा. पाकिटावरची तारीख पाहून माल घेणाऱ्याला हे वाचणे अवघड नाही. हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना भरावी, स्टेपनीतही भरावी.

आता शिदोरी. या बाबतीत आपल्या घरांतील स्त्रियांना कोणी शिकवावे असे नाही. खाकरे, मुरमुऱ्यांचा चिवडा, सुक्या पुऱ्या, भाजलेले मखाणे, खारीक. तरीही लहानांच्या दृष्टीने दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. महामार्गावर खाण्यापिण्याच्या सोयी विरळ आहेत आणि कांदा-लसूण-बटाट्याविना मुलाला आवडेल असे तेथे मिळेलच याचा भरवसा नाही. म्हणून दोन वेळचे पुरेल असे घरूनच न्यावे. उकळून गार केलेले पाणी माणशी दोन लिटर आणि एक भांडे राखीव. तेलकट, गोड, तिखट हे तिन्ही निघण्याच्या दिवशी मुलांना कमी द्यावे. शेव आणि पेढे लग्नघरी आहेतच. चालत्या गाडीत शेंगदाणे, फुटाणे, गोळ्या अशा ठसका लागणाऱ्या वस्तू चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नयेत. मागे वळून त्याच्या पाठीवर थाप मारायला आपल्याला जागा नसते.

गाडी लागणाऱ्या मुलाला मोबाइल देऊ नये. खाली पाहिले की मळमळ वाढते. समोरचा रस्ता दिसेल असे बसवावे, काच थोडी खाली करावी, चिमूटभर सुंठ गुळात कालवून द्यावी. आले आपल्याला वर्ज्य असले तरी सुंठ चालते आणि काम तेच करते. वारंवार त्रास होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना आधी विचारून औषध घ्यावे. मूल झोपावे म्हणून सर्दी-खोकल्याचे औषध पाजण्याची जी रीत काही घरांत आहे, ती मात्र पूर्ण बंद व्हावी. त्या औषधाने लहान मुलाचा श्वास मंदावू शकतो, आणि चालत्या गाडीत ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

तान्ह्या बाळाला दूध पाजायचे तर गाडी थांबवून. आसनातून काढून चालत्या गाडीत पाजणे म्हणजे वर मांडलेला सारा हिशेब पुसून टाकणे. थांबायचे ते ठरलेल्या थांब्यावर, पेट्रोल पंपावर किंवा रस्ता सोडून गावात. महामार्गाच्या कडेला कधीही नाही, मुलाला ‘एक मिनिट’ उतरवायचे असले तरी नाही. म्हणून दर थांब्यावर, लागली असो वा नसो, सगळ्या मुलांना शौचालयात नेऊन आणावे. अडचण आलीच तर १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलिस मिळतात.

थांबे कंटाळवाणेच असले पाहिजेत असे नाही. सिंदखेड राजा महामार्गाजवळच आहे. लखुजीराव जाधवांचा राजवाडा, जेथे १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. आठ-दहा वर्षांच्या मुलांना शाळेतले नाव दगडात उभे राहिलेले दिसते. पुढे कारंजा लाड. अर्ध्याहून अधिक वाट सरलेली असते आणि दुपारच्या जेवणाची वेळ झालेली असते. भट्टारकांच्या तीन परंपरांची जुनी मंदिरे, हस्तलिखितांची भांडारे आणि १९१८ साली स्थापन झालेला महावीर ब्रह्मचर्याश्रम यांमुळे हे गाव विदर्भातील जैन विद्येचे माहेरघर आहे. मुलांना हस्तलिखितांशी कर्तव्य नाही. त्यांना दर्शनानंतर अनवाणी पळायला मंदिराचे गार अंगण मिळते, आणि सकाळपासून घट्ट बांधलेल्या पायांना तेच हवे असते. वडीलधाऱ्यांना शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाची ओढ असते, तेही वाटेजवळच आहे. लोणारचे सरोवरही मेहकरकडून हाक मारते. जाताना हे दोन्ही मोह आवरावेत. एका दिवसात एक गाव पुरे; बाकीची परतीच्या वाटेवर, दिवस उरला तर.

आणि परतीचीच वाट खरी कसोटीची. जाताना उत्साह असतो, माणसे सावध असतात. येताना स्वागत-समारंभ आटोपलेला, नवरीच्या पाठवणीने डोळे सुजलेले, तीन रात्रींची झोप थकलेली. आणि उद्या दुकान उघडायचे आहे. रात्री अकराला ‘निघतोच आता, सकाळी शटर उघडायला पोहोचू’ असे म्हणणारा एक तरी पाहुणा प्रत्येक लग्नात असतो, आणि त्याच्या खांद्यावर झोपलेले मूल असते. वर सांगितलेल्या दोन अपघातांपैकी एक परतीच्याच वाटेवर, त्याच प्रहरी झाला. त्या पाहुण्याला हात धरून थांबवणे हे यजमानाचे काम आहे. आग्रह आपण पंक्तीत करतो. तो येथे करावा.

यजमानांना याहून अधिक करता येण्यासारखे आहे. दिवसा विवाह आणि दिवसा भोजन असा आग्रह आपल्या समाजात अनेक ठिकाणी धरला जातो, तो धर्माच्या अंगाने. दूरच्या गावांहून मुले घेऊन येणाऱ्यांच्या अंगानेही तो तितकाच हिताचा आहे. मुहूर्त सकाळचा, भोजन दुपारचे आणि निरोप चारला, असे झाले तर जालना-बुलढाण्याचे पाहुणे उजेडात बरेच अंतर कापतील. आम्हा मुकुंदवाडीकरांना तेवढ्यातही घर गाठता येत नाही; आम्हाला एक रात्र अधिक ठेवून घ्यावे लागते. म्हणून पत्रिकेत ‘आदल्या सायंकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत निवासाची सोय आहे’ ही एक ओळ असावी. बँडवर खर्च होतो, फुलांवर होतो; चार खोल्या एक दिवस अधिक घेतल्याने लग्नाचा हिशेब कोलमडत नाही.

त्या खोल्यांपैकी एक मुलांसाठी राखावी. गाद्या जमिनीवर, म्हणजे कोणी खाली पडणार नाही. उकळलेले पाणी, थोडा वरण-भात, आणि आळीपाळीने बसणारी एखादी आत्या किंवा मामी. खोली मंडपापासून दूरची असावी, दार लोटून घेता यावे, आणि बँडवाल्यांना आधीच सांगून ठेवावे की त्या बाजूला तोंड करून वाजवायचे नाही.